हजेरीपटावरून गळणारी नावे

पावसाळ्याच्या तोंडाशी महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या कार्यालयापुढे जी गर्दी उसळते, तिची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. ‘प्रवेशासाठी झुंबड’ हा मथळाही ठरलेला असतो. दिवाळीच्या सुटीनंतर त्याच महाविद्यालयातील प्रथम वर्ष कलाशाखेचा वर्ग कसा दिसतो, याचे छायाचित्र मात्र कोणी काढीत नाही. पटावर एकशेवीस नावे असली, तर प्राध्यापकांसमोर तीस-पस्तीस डोकी असतात. उरलेल्यांपैकी काही निव्वळ आळसाने गैरहजर असतात, काही परीक्षेच्या आठवड्यात गाइड हाती घेऊन उगवतात. परंतु काही असे असतात की, ते पुन्हा कधीच येत नाहीत. त्यांनी अर्ज दिलेला नसतो, दाखला मागितलेला नसतो, कोणाचा निरोप घेतलेला नसतो. हजेरी घेताना त्यांच्या नावापुढे काही दिवस अनुपस्थितीची खूण पडत राहते. पुढच्या सत्राच्या पटावर ते नावच नसते.

नापास झालेल्या विद्यार्थ्याची विद्यापीठाकडे नोंद असते. निकालाच्या टक्केवारीत तो मोजला जातो, त्याच्यामुळे महाविद्यालयाची अब्रू थोडीफार जाते. न सांगता गेलेल्या विद्यार्थ्याची तेवढीही दखल घेतली जात नाही. किंबहुना, जो परीक्षेलाच बसला नाही, तो निकाल बिघडवीत नाही, म्हणून त्याच्या जाण्याने महाविद्यालयाची टक्केवारी सुधारते! उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ साली देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते आणि प्रवेशाचे ढोबळ प्रमाण २८.४ टक्के होते. हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावयाचे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठरविले आहे. हे सर्व आकडे दारातून आत आलेल्यांचे आहेत. आत आलेल्यांपैकी तीन-चार वर्षांनी पुढच्या दाराने किती बाहेर पडले आणि अधल्यामधल्या खिडकीतून किती उड्या मारून गेले, हा हिशेब त्या ढोबळ प्रमाणात नसतो. शाळेतील गळतीविषयी आपल्याकडे गेली पन्नास वर्षे तळमळीने बोलले व लिहिले गेले. महाविद्यालयातील गळतीविषयी मात्र, ‘त्याला शिकायचेच नव्हते’ एवढ्या एका वाक्यावर विषय संपविण्याची रीत आहे.

खरोखरच त्याला शिकायचे नव्हते काय?

या प्रश्नाचे दुसरे ठरीव उत्तर ‘फी परवडत नाही’ असे असते आणि ते पहिल्यापेक्षा सहानुभूतीचे असल्यामुळे शासनानेही ते वेळोवेळी मनावर घेतले आहे. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी फीमाफीची योजना आली. ‘ई.बी.सी.’ या तीन अक्षरांनी मराठी खेड्यांतील दोन पिढ्या पदवीधर केल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४ पासूनची. अलीकडे, २०२४-२५ पासून, आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला, म्हणजे ज्या सवलती आपोआप लागू होतात, त्यांत जमीन महसुलातील सूट आणि कृषिपंपांच्या वीजबिलातील सवलत यांच्याबरोबरीने परीक्षा शुल्कमाफीही असते. २०१८ साली १५१ तालुक्यांत आणि २०२३ साली ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा हे कलम त्यात होतेच. फीच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्राने हात आखडता घेतला असे कोणी म्हणणार नाही.

आणि तरीही वर्ग रिकामे होतात. याचे कारण असे की, फी हा शिक्षणाच्या खर्चाचा लहान भाग आहे. अनुदानित महाविद्यालयात कलाशाखेची वर्षाची फी काही हजारांपलीकडे क्वचितच जाते. ज्या घरात धडधाकट मुलगा आहे, त्या घराला त्याच्या शिक्षणापायी खरा तोटा होतो तो त्याने न मिळविलेल्या मजुरीचा. समजा, दिवसाला चारशे रुपये रोज पडतो आणि वर्षाकाठी दोनशे दिवस काम मिळते. तर तीन वर्षांच्या बी.ए.साठी हे घर दोन लाख चाळीस हजार रुपयांवर पाणी सोडते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला संधित्याग खर्च म्हणतात. तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून कोणत्याही योजनेत माफही होत नाही. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ साली आणि गॅरी बेकर यांनी १९६४ साली शिक्षणाला ‘मानवी भांडवलातील गुंतवणूक’ म्हटले, तेव्हा त्या गुंतवणुकीचा सर्वांत मोठा हप्ता हा असा, न मिळालेल्या मजुरीच्या रूपानेच भरला जातो, हे त्यांनी स्पष्ट केले होते. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजण्यासाठी बेकर वाचावे लागत नाहीत.

फी शून्य केली म्हणजे गळती थांबते काय, याची एक परीक्षा अमेरिकेत अनायासे झालेली आहे. केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक जुने महाविद्यालय आहे. १८९२ पासून ते शिकवणीची फी घेत नाही. तेथे बहुतेक मुले गरीब घरांतील असतात आणि प्रत्येकाला आठवड्यात निदान दहा तास महाविद्यालयातच काम करावे लागते. भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’चे हे दूरचे भावंडच म्हणावयाचे. या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा टॉड व राल्फ स्टाइनब्रिकनर या दोन संशोधकांनी कित्येक वर्षे मागोवा घेतला. फी नसूनही तेथून मोठ्या संख्येने मुले शिक्षण सोडून जात होती, असे त्यांना दिसले. हवे तेवढे कर्ज मिळाले असते तरी या जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य गेलेच असते, हा २००८ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष होता. पुढे २०१२ साली त्यांनी दुसऱ्या कारणावर बोट ठेवले. मुले येताना आपल्या कुवतीविषयी फार आशावादी असतात. पहिल्या एक-दोन परीक्षांचे गुण हाती पडले की ती स्वतःविषयीचे मत बदलतात, आणि मग महाविद्यालयही.

यावरून फीमाफी निरुपयोगी ठरते, असा अर्थ काढणे उतावळेपणाचे होईल. बेरियात राहण्याजेवण्याचीही व्यवस्था असते. आपल्याकडे फी माफ होते, पण खाणावळ माफ होत नाही.

खाणावळ, खोली आणि एस.टी.

गरीब विद्यार्थ्याच्या राहण्याजेवणाचा प्रश्न मराठी समाजाला नवा नाही. वार लावून जेवणारा आणि माधुकरी मागून शिकणारा विद्यार्थी हे पुण्याच्या जुन्या जीवनातले ओळखीचे चित्र होते. पण ती सोय मुख्यतः एका जातीपुरती होती. ती भिंत ओलांडली शाहू महाराजांनी. १९०१ पासून कोल्हापुरात त्यांनी जातीजातींची वसतिगृहे उभी केली, ती शाळा पुष्कळ आहेत पण मुलांना शहरात पाठ टेकावयास जागा नाही, हे ओळखून. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलाला डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळावे म्हणूनच. या तिघांपैकी एकाच्याही विचारात फी हा मुख्य प्रश्न नव्हता.

पुढे महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत पोहोचली आणि वसतिगृहांची निकड कमी झाली, असे सर्वांनीच गृहीत धरले. प्रत्यक्षात वसतिगृहाची जागा एस.टी.ने घेतली. आजचा ग्रामीण विद्यार्थी हा बसमधून येणारा-जाणारा विद्यार्थी आहे. त्याचे महाविद्यालय सकाळी सातच्या गाडीने सुरू होते आणि दुपारच्या गाडीने संपते. ती गाडी रद्द झाली तर त्या दिवशी त्याचे महाविद्यालयही रद्द होते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्याच्या आधीचे दीड वर्ष साथीमुळे वर्ग बंदच होते. साथीच्या काळात मोबाइलवर तास घेण्याविषयी जेवढी चर्चा झाली, तिच्या शतांश चर्चाही या पाच महिन्यांत बसअभावी घरी बसलेल्या मुलामुलींविषयी झाली नाही. साथ सर्वांची होती, एस.टी. फक्त त्यांची होती.

शिष्यवृत्तीचेही असेच आहे. मदत किती मिळते यापेक्षा ती केव्हा मिळते, हे गरीब घरात अधिक महत्त्वाचे असते. जुलै-ऑगस्टमध्ये खोलीचे भाडे आणि खाणावळीची आगाऊ रक्कम द्यावी लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणावयाचा, आधारशी जोडलेले बँक खाते चालू आहे की नाही हे पाहावयाचे, महाविद्यालयाने तो अर्ज पुढे पाठवावयाचा आणि या साखळीतील एखादी कडी अडली की पैसे वर्ष सरल्यावर जमा व्हावयाचे. खाणावळवाला मार्चपर्यंत थांबत नाही. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, अशा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राहण्याजेवणासाठी रोख रक्कम देणारी ‘स्वाधार’ योजना २०१६-१७ पासून आहे. ती मुळात योग्य जागी बोट ठेवणारी आहे. पण हप्ता उशिरा आला तर तोवर मुलगा गावी परतलेला असतो. दोन-अडीच हजार रुपयांची उसनवारी वेळेवर न जमल्याने पदवी हुकते, ही गोष्ट ज्यांचा पगार दर महिन्याला बँकेत जमा होतो, त्यांना सहजी पटत नाही.

सत्रपद्धतीने या अडचणीत भर घातली आहे, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. २०२३ साली १ नोव्हेंबरला आणि २०२४ साली १५ नोव्हेंबरला गाळपाला परवानगी मिळाली. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या त्या सुमारास बाहेर पडतात, त्या मार्च-एप्रिलनंतर परततात. वार्षिक परीक्षेच्या काळात फडावर गेलेला विद्यार्थी वर्षभर वर्गात दिसला नाही, तरी एप्रिलमध्ये येऊन पेपर देऊ शकत असे. शिक्षणाच्या दृष्टीने ते काही भूषणावह नव्हते, पण त्याचे नाव पटावर टिकत होते. आता पहिल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात येते. अंतर्गत गुणांसाठी चाचण्या आणि हजेरी लागते. उचल घेतलेल्या आईबापांना थांबता येत नाही आणि परीक्षेलाही थांबता येत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ साली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र अकरावी-बारावीच्या पुढचा मुलगा म्हणजे घराच्या हिशेबी मूल नव्हे, तो अर्धा कोयता असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे त्याला पूर्ण कोयता करण्यासाठी त्याचे लग्न लावले जाते, आणि त्याबरोबर दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाच्या पटावरून एका मुलीचेही नाव जाते.

मुलींच्या बाबतीत गळतीचे गणितच निराळे आहे. मुलगा जातो तो बहुधा कमावण्यासाठी. मुलीला घालवले जाते. तिचे शिक्षण चालू राहील की नाही, हे तिच्या गुणांवरून क्वचितच ठरते. गाव ते महाविद्यालय हे अंतर किती, परतीची गाडी अंधार पडण्यापूर्वी आहे की नाही, सोबत जाणाऱ्या मैत्रिणी किती, गेल्या वर्षी गावातील एखाद्या मुलीविषयी काही बोलवा उठली होती काय, यांवर ते ठरते. चार मुली मिळून जात असतील आणि त्यांतील दोघींची लग्ने झाली, तर उरलेल्या दोघींचे शिक्षण गुणवत्तेच्या कोणत्याही दोषाविना संपते. ज्या रस्त्यावर बसची एक फेरी वाढते, त्या रस्त्यावरील मुलींची हजेरी वाढते, हे तालुक्यातील कोणताही शिक्षक सांगेल. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ घरांत मुलगी पदवीधर असणे ही आता लग्नाच्या बाजारात जमेची बाजू समजली जाते, म्हणून स्थळ येईपर्यंत तिला शिकू दिले जाते. हेतू काहीही असो, त्या दोन-तीन वर्षांत काही मुली पदवी पदरात पाडून घेतात. मुलगे अधेमधे गळतात आणि मुली चिकाटीने शेवटपर्यंत बसतात, हे कलाशाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात कोणालाही दिसेल. त्याचे श्रेय केवळ चिकाटीला नाही. त्यांना बाहेर दुसरी वाट कमी असते, हेही त्यात आहे.

अर्ध्या पदवीचे मोल

मुलगे मध्येच का जातात, याचा विचार करताना त्यांना नेहमी बेजबाबदार ठरविले जाते. परंतु त्यांचा निर्णय पुष्कळदा तर्कशुद्ध असतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली असे मांडले की, मालक पदवीकडे पाहतो ते तिच्यामुळे अंगी आलेल्या कौशल्यासाठीच असे नाही. हा माणूस एवढा टप्पा ओलांडू शकला, याची खूण म्हणून तो पदवी मागतो. असे असेल तर दोन वर्षे शिकलेल्याला पदवीधराच्या दोन-तृतीयांश किंमत यावी, असा न्याय बाजारात चालणार नाही. अर्धी पदवी ही अर्ध्या पुलासारखी असते. महाराष्ट्रातील तरुणाला हा सिद्धांत भरतीच्या जाहिरातींनी शिकविला आहे. पोलीस शिपायाला बारावी उत्तीर्ण असणे पुरते. तलाठ्याला पदवी लागते. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज होते. ज्याचे लक्ष पोलीस भरतीवर आहे, त्याच्या दृष्टीने बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा उपयोग काय? पहाटे मैदानावर धावावयाचे, दिवसा अकादमीत बसावयाचे. त्याच्या वेळापत्रकात महाविद्यालयाला जागाच नाही. वयोमर्यादा मात्र दर वर्षी एक पाऊल जवळ येत असते. जून २०२२ मध्ये अग्निवीर योजना आली. तिच्यात तर साडेसतरा ते एकवीस हेच वय मागितले आहे, म्हणजे नेमके महाविद्यालयाचे.

याच्या अगदी उलट वर्तन करणारेही आहेत. पदवी झाली, पदव्युत्तर शिक्षण झाले, तरी महाविद्यालयाचा उंबरठा न सोडणारे. एका विषयात एम.ए. करून दुसऱ्या विषयात नाव घालणारे. वसतिगृह, ग्रंथालयातील जागा, सवलतीचा पास आणि ‘विद्यार्थी’ ही एक सन्मान्य ओळख, यांसाठी ते टिकून असतात. क्रेग जेफ्री यांनी मेरठमधील अशा तरुणांचा अभ्यास करून २०१० साली जो ग्रंथ लिहिला, त्याचे नावच ‘टाइमपास’ असे आहे. हे तरुण गळत नाहीत, म्हणून आकडेवारीत ते यशस्वी ठरतात! मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयर्ड व मॉरीन वुडहॉल या अर्थशास्त्रज्ञांनी १९६९ साली भारतातील पदवीधरांच्या बेकारीची कारणमीमांसा केली, तेव्हाच त्यांनी हे दाखवून दिले होते की, बेकारी असूनही पदवी घेणे व्यक्तीच्या दृष्टीने शहाणपणाचेच ठरते. कारण तिचा मोठा खर्च समाज सोसतो. तो हिशेब आजही फारसा बदललेला नाही. शिक्षण सोडून जाणे हे सदैव अपयश नव्हे आणि शिक्षणात टिकून राहणे हे सदैव यश नव्हे, एवढे तरी यातून मान्य करावे लागते.

या पार्श्वभूमीवर नव्या धोरणातील बहुविध प्रवेश-निर्गमनाची तरतूद पाहिली पाहिजे. एक वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी. बाहेर पडताना उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा कौशल्यविषयक अभ्यास करावयाचा. तीन वर्षांच्या आत परत यावयाचे आणि जास्तीत जास्त सात वर्षांत पदवी पुरी करावयाची, अशी ही रचना आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. कल्पना म्हणून तिच्यात दोष काढणे कठीण आहे. फडावर गेलेला विद्यार्थी दोन वर्षांनी परत आला तर त्याचे श्रेयांक पेढीत शाबूत असतील, ही सोय खरोखरच मोलाची आहे. पण दोन शंका राहतात. भरतीच्या जाहिरातीत ‘एक वर्षाचे प्रमाणपत्र’ ही अर्हता म्हणून जोवर कोणी छापीत नाही, तोवर त्या प्रमाणपत्राची किंमत त्याच्या कागदाएवढीच. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जो न सांगता गळतो, तो उन्हाळ्यात चार श्रेयांक मिळविण्यासाठी थांबणार कसा? रीतसर बाहेर पडण्यासाठीही जी उसंत आणि जी माहिती लागते, ती त्याच्याजवळ असती तर तो गळालाच नसता. भीती ही की, जो सुस्थितीत आहे तो या दरवाजांचा उपयोग करून घेईल, आणि जो गळत होता तो गळतच राहील. फक्त आता त्याच्या गळण्याला ‘निर्गमन’ हे भारदस्त नाव मिळेल.

पहिले शंभर दिवस

व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने १९७५ साली या प्रश्नाचा एक सिद्धांत मांडला. त्याची मूळ कल्पना एमिल दर्खाइम यांच्या आत्महत्येविषयीच्या १८९७ च्या ग्रंथातून घेतलेली आहे, हे वाचून प्रथम धक्का बसतो. माणसाचे समाजाशी धागे तुटतात, तेव्हा तो जीवन सोडतो. विद्यार्थ्याचे महाविद्यालयाशी धागे जुळत नाहीत, तेव्हा तो शिक्षण सोडतो. अभ्यासाचा धागा आणि माणसांचा धागा, असे हे दोन धागे. टिंटोंवर पुढे टीकाही झाली. विल्यम टियर्नी यांनी १९९२ साली असा आक्षेप घेतला की, महाविद्यालयात मिसळण्यासाठी विद्यार्थ्याने आपल्या समाजापासून तुटावे, अशी या सिद्धांताची अपेक्षा दिसते. वंचित समाजांतील मुलांना ती अन्यायाची आहे. आपल्याकडे तर हा आक्षेप अधिकच लागू पडतो. दुपारच्या गाडीने घरी परतणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या समाजात राहतच नाही. तरीसुद्धा टिंटोंच्या म्हणण्यातील सार नाकारता येत नाही. जो जातो त्याला बहुधा कोणी ‘का रे, आला नाहीस?’ असे विचारलेले नसते.

आणि विचारणार कोण? वर्षानुवर्षे पदे रिकामी आहेत. शिकविण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आहे. ज्याला तासाच्या हिशेबाने मानधन मिळते, ज्याला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही आणि जो दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घेण्यासाठी त्याच एस.टी.ने निघतो, त्याने शंभर मुलांची नावे आणि त्यांच्या घरच्या अडचणी ध्यानात ठेवाव्यात, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? शिक्षकच जेथे अर्धाअधिक गळालेला आहे, तेथे विद्यार्थ्याच्या गळतीचे नवल वाटू नये.

पहिल्या सत्राची परीक्षा हा या सर्व प्रकरणातील सर्वांत नाजूक क्षण असतो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला, परीक्षेत बऱ्यापैकी गुण मिळविलेला मुलगा प्रथम वर्षाच्या इंग्रजीच्या सक्तीच्या पेपरात अडखळतो. विज्ञानशाखेत तर सर्वच पुस्तके इंग्रजी. निकाल लागतो, ए.टी.के.टी. लागते. शहरातील मुलाला ए.टी.के.टी. म्हणजे पुन्हा द्यावयाचा एक पेपर. घरातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी असलेल्या मुलाला ती आपली लायकी दाखविणारी पाटी वाटते. बेरियातील मुलांप्रमाणे तोही स्वतःविषयीचे मत बदलतो. फरक हा की, बेरियातील मुलाला त्याच आठवड्यात सल्लागाराकडे पाठविले जाते. इकडे निकाल मोबाइलवर येतो आणि तो ज्याचा त्याने पाहून घ्यावयाचा असतो.

विचारणारे माणूस असले तर काय होते, याचा पडताळा न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने घेतला आहे. २००७ साली तेथील द्विवर्षीय महाविद्यालयांत गरीब विद्यार्थ्यांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. फीतील तूट भरून देणे, पुस्तके देणे, शहराच्या बस व आगगाडीचा मासिक पास फुकट देणे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक ठरावीक सल्लागार नेमून देणे, एवढाच त्याचा विस्तार. पण पास हाती पडावयाचा तो कार्यक्रमातील भेटीगाठी चुकविल्या नाहीत तरच. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निवडलेल्या विद्यार्थ्यांवर याची रीतसर चाचणी झाली. तीन वर्षांत पदवी पुरी करणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातील विद्यार्थ्यांत ४० टक्के आणि इतरांत २२ टक्के निघाले. दर विद्यार्थ्यामागील खर्च अर्थातच वाढला. पण दर पदवीधरामागील खर्च कमी झाला. हिशेबाची ही दुसरी तऱ्हा आपल्या वित्त विभागाने अवश्य अभ्यासावी. चार मुलांवर थोडाथोडा खर्च करून एकाला पदवी देणे स्वस्त की त्यापेक्षा थोडा अधिक खर्च करून दोघांना, हा काही अवघड त्रैराशिकाचा प्रश्न नाही.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे आणि आपली एस.टी. यांत अंतर आहे. तेथील सल्लागार नेमण्याइतका पैसा आपल्याकडे नाही, हेही खरे. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता ऑगस्टमध्ये देण्यात शासनाचा खर्च वाढत नाही, फक्त आधी होतो. स्थलांतर करणाऱ्या तालुक्यांत पहिल्या सत्राची परीक्षा दसऱ्यापूर्वी उरकण्यास विद्यापीठांच्या वेळापत्रकाखेरीज कशाचीही आडकाठी नाही. महाविद्यालयांचे मूल्यमापन करताना उत्तीर्णांची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर न काढता जुलैत प्रवेश घेतलेल्यांवर काढली, तर न सांगता गेलेल्या मुलाची आठवण प्राचार्यांना आपोआप येऊ लागेल.

आणि ही माहिती कोठे नाही असेही नाही. दुसऱ्या सत्राचे परीक्षा अर्ज भरून झाले की, महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिक संगणकावरील यादी पुढे घेऊन बसतो आणि ज्यांचे अर्ज आले नाहीत त्यांची नावे काढून टाकतो. कोण कोणत्या गावचा, कोणाची शिष्यवृत्ती अडली आहे, कोण कोणाच्या टोळीबरोबर गेला, हे त्यातील निम्म्यांविषयी त्याला ठाऊक असते. काढून टाकलेली ती वीस-पंचवीस नावे एका कागदावर उतरवून ती जानेवारीतच प्राचार्यांच्या टेबलावर ठेवण्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही.